नलू कुणाच्या घरची

कमलवहिनी,

गेल्या रविवारी तुमच्या तेराव्याला तुमच्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की क्षणभर मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी जेवायला आलो. तुम्ही शांत होता, सोशीक होता, कधी कुणाला उलटून बोलला नाहीत, असं मिलमधले एक साहेब दत्तोपंतांना समजावत होते. दत्तोपंत मान हलवत होते. सतरा वर्षं तुमच्याबरोबर संसार केलेला माणूस, पण त्या वेळी त्यांच्यात साहेबांना दुरुस्त करण्याचं बळ नव्हतं. माझ्यातही नव्हतं. मी मठ्ठा प्यालो आणि गप्प बसलो. गप्प बसण्यात मी किती तरबेज आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुम्ही सोशीक नव्हता. रामबागेतल्या आपल्या गल्लीत मिलच्या भोंग्याच्या खालोखाल तुमचाच आवाज होता, आणि भोंग्याला निदान वेळापत्रक होतं. पत्त्यांत तुम्ही सर्रास खोटं खेळायचा. माझ्या पुस्तकांना तुम्ही ‘तुमची ती उशी’ म्हणायचा. आणि आपल्या दोन बिऱ्हाडांमधली भिंत इतकी पातळ होती, की तुमची मतं ऐकायला मला कधी तुमच्याकडे यावं लागलं नाही.

पण एक वाद अर्धा राहिला. तीन वर्षं चाललेला, शेवटी चिघळलेला. मूल कसं घडतं ते कशावर ठरतं, घराण्यावर की शेजारावर? तुमच्या बाजूला तुमची चार पोरं आणि नळावरची गल्ली होती, माझ्या बाजूला माझी पुस्तकं आणि माझे पूर्वज. मधे उभी होती माझी नलू. तिलाच तोडून घ्यायचं ठरवून मी तुमच्या दारातून निघून गेलो, आणि पुढल्या वीस दिवसांत तुम्ही गेलात. त्यामुळे माझं म्हणणं मला आता असं कागदावर मांडावं लागतंय. मधेच तोडायला कुणी नाही, ही सोय मला मुळीच आवडलेली नाही.

आमच्या घराण्याचं तुम्हाला पाठ होतं. होळकर दरबारात दप्तर सांभाळणारे पणजोबा, त्यांची पगडी, त्यांची तसबीर. मी त्या पगडीची चेष्टा करायचो आणि तुम्ही हसायचा. संस्थानं विलीन झाली, मध्य भारत राज्य झालं, आणि पणजोबांचा पणतू सचिवालयात शिक्षण खात्याचा कारकून झाला. त्या खात्यात मुलांविषयी कागद भरपूर होते, मूल एकही नव्हतं. राजधानी इंदूरला की ग्वाल्हेरला, हा तंटा तर कुणालाच सुटला नाही. दोन हट्टी पोरांना एकच लाकडी घोडा पाळीपाळीनं द्यावा, तशी ती उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला ठेवली. थंडीची चाहूल लागली की फायली पेट्यांत बसायच्या, पेट्या रेल्वेत बसायच्या, आणि पेट्यांमागोमाग आम्ही कारकून वळकट्या घेऊन.

नलूची आई ती तीन वर्षांची असतानाच गेली होती. ग्वाल्हेरला आम्ही सहाजण एका खोलीत आणि एका स्टोव्हवर राहायचो, तिथे सहा वर्षांच्या मुलीला नेणं शक्य नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मी तिला देवासला माझ्या आत्यांकडे ठेवलं. आत्या प्रेमळ आहेत, पण संस्थान विलीन झाल्याचं त्यांच्या घरी कुणी कळवलेलं नव्हतं. तिथे मुलांनी मोठ्यांसमोर येताना मुजरा करायचा, जाताना पाठ न दाखवता मागे सरकत जायचं, आणि विचारल्याखेरीज तोंड उघडायचं नाही. नलू पाच महिन्यांत हे सगळं बिनचूक शिकली. परत आणली तेव्हा जो पाहुणा येई तो म्हणे, “किती गुणी मुलगी! घरात आहे असं वाटतसुद्धा नाही.” आणि मी, पगडीची चेष्टा करणारा मी, त्या शब्दांनी फुगत होतो. मी ऑफिसातून येऊन वाचत बसायचो, ती कोपऱ्यात पाटी घेऊन बसायची. मला वाटायचं, आमचं दोघांचं किती छान जमतं.

मग त्या वैशाखात एका संध्याकाळी तुम्ही दार न वाजवता आत आलात.

“भाऊजी, पोरीचा कान वाहतोय.”

“कुणाच्या?”

“कुणाच्या काय! तुमच्या. तीन दिवस झाले, मान तिरकी करून नळावर येतेय. गल्लीला दिसलं, तुम्हाला दिसलं नाही? काय करत होता?”

मी वाचत होतो. पुस्तक इंग्रजी होतं, जाड होतं, आणि बालसंगोपनावर होतं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण मुखपृष्ठावर आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाचं चित्र होतं. तुम्ही ते बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलला नाहीत.

“ती काही म्हणाली नाही,” मी म्हणालो.

“म्हणेल कुणाशी? कपाटाशी?”

टांग्यात तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसलात. डॉक्टरकडे जाईपर्यंत तुम्ही तिला एकच प्रश्न विचारलात, “इतकं दुखत होतं तर बोलली का नाहीस गं?” आणि नलू म्हणाली, “कुणी विचारलं नाही.”

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर त्या कानानं ऐकू येणं कठीण होतं. त्या दिवसापासून ‘गुणी’ हा शब्द मला नकोसा झाला. तरी वाद मी सोडला नाही. आमच्या घराण्यात कुणीच फार बोललं नाही, पणजोबासुद्धा दरबारात फक्त लिहायचे, हा तिचा पिंड आहे, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही घडा घासत होतात. मान वर न करता म्हणालात, “तुमचे पणजोबा कधी नळावर पाणी भरायला गेले होते का? एकदा जाऊन बघायला पाहिजे होतं. पिंड वगैरे सब निकल जाता.”

पुढल्या हिवाळ्याचं तुम्हीच ठरवून टाकलंत. “पोरगी या खेपेला माझ्याकडे राहील. चार आहेत, पाचवी कुठे जड होतेय?”

“आत्यांना वाईट वाटेल.”

“वाटू द्या. बुरा मानेंगे तो मान लेंगे.”

देवासहून आदल्या वर्षी मला नलूच्या नावाची तीन पत्रं आली होती. तिन्हींत तोच मजकूर, ‘मी खुशाल आहे, आपली आज्ञाधारक’. रामबागेतून पहिलं पत्र आलं ते चार पानी. त्यात तुमच्या मंदाच्या बाहुलीचं लग्न होतं, शरदनं पतंग कापल्याची तक्रार होती, त्या तक्रारीवर समासात शरदचा खुलासा होता, आणि शेवटी तुमच्या धाकट्या छकुलीनं सही म्हणून हळदीचा अंगठा उमटवला होता. खोलीतल्या पाचही कारकुनांनी ते पत्र वाचलं. सरकारी कामकाजात इतका स्पष्ट पत्रव्यवहार आम्ही कुणीच पाहिला नव्हता.

मी परतलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच टांगा अडला. रस्त्यात खाटांवर पापड वाळत होते आणि कमरेवर हात ठेवून एक मुलगी टांगेवाल्याला सांगत होती, “ओ भिया, उधर से लो ना! इधर माँजी के पापड़ सूख रहे हैं, धूल उड़ेगी!” टांगेवाला म्हणाला, तिकडून चाक अडकेल. ती म्हणाली, “नहीं अटकेगा, मैं बताती हूँ,” आणि घोड्याच्या पुढे चालायला लागली. मी तिला ओळखलं नाही. घोड्याला काही शंका नव्हती, तो मुकाट्यानं तिच्यामागे वळला. वळणावर तिनं टांग्यात कोण बसलंय ते पाहिलं आणि ओरडली, “अप्पा!”

एवढ्या मोठ्यानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात मी तुमचं घर पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं. मला वाटलं होतं, गर्दी आणि गोंगाट यानंच पोरं धीट होत असतील. पण तुमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. तक्रार घेऊन येणाऱ्यानं आधी समोरच्याची बाजू सांगायची. नलू एकदा रडत आली होती.

“काकू, शरदनं माझी पाटी फोडली.”

“आधी त्याचं सांग.”

“त्याचं म्हणजे?”

“तो काय म्हणेल ते. नीट सांग हां, तो इथंच उभा आहे.”

नलूनं नाक पुसलं. विचार केला. “तो म्हणेल, मी पाटी त्याच्या उशीवर ठेवली होती. आणि त्यानं दोनदा उचल म्हणून सांगितलं होतं.”

“खरंय का रे?”

“तीनदा,” शरद म्हणाला.

“मग आता तुझी बाजू सांग.”

नलूनं शरदकडे पाहिलं. मग म्हणाली, “राहू दे,” आणि गेली. तुम्ही भाजी चिरत होता. विळी क्षणभरही थांबली नाही. मी मनात म्हटलं, हा नियम आमच्या खात्यात आणला तर निम्म्या फायली त्याच दिवशी बंद होतील आणि निम्मे कारकून घरी बसतील.

मी हरलो नव्हतो मात्र. एक हुकमाचं पान माझ्या हातात होतं आणि ते मी एका रविवारी टाकलं. “वहिनी, घरच जर सगळं करतं, तर शरद असा का? त्याच घरात, त्याच आईबापांकडे वाढला. मंदा चार लोकांत मिसळते, शरद घुम्यासारखा बसतो, आणि वर थापा मारतो.”

मला वाटलं, आता तुम्ही अडलात. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. मग म्हणालात, “घर तेच कुठे आहे, भाऊजी? मंदा आली तेव्हा घरात एकच पोर होतं, हे तिच्याशी रोज खेळायचे. शरद आला तेव्हा यांची रातपाळी लागली आणि मी चिडचिडी झाले. त्याला थापा मारल्याशिवाय कोण ऐकणार होतं? प्रत्येक पोराचं घर वेगळं असतं. भिंती त्याच असतात, बस.”

वहिनी, मी आजवर या विषयावर जे काही वाचलंय, त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. त्या दिवशी मी तुम्हाला तसं सांगितलं नाही. “हं, विचार करण्यासारखं आहे,” एवढंच म्हणालो, आणि त्यातही मी तुमच्यावर उपकार करतोय असा माझा सूर होता. त्यानंतर तुम्ही शरदला रोज संध्याकाळी शेजारी बसवून तांदूळ निवडायला लावायचा आणि त्याची थाप शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, तेही मी भिंतीपलीकडून ऐकलं. थापा हळूहळू लहान होत गेल्या.

आता त्या समारंभाकडे येतो, कारण तो टाळून पुढे जाणं म्हणजे पुन्हा माझं तेच गप्प बसणं.

गेल्या भाद्रपदात एका शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. मंत्री येणार होते. कार्यक्रमाची मिनिटवार पत्रिका मी तयार केली होती, मंत्र्यांचं भाषणही मीच लिहिलं होतं. बालकं ही राष्ट्राची संपत्ती आहे, असं त्यात दोनदा आलं होतं. आमच्या साहेबांनी सुचवल्यावरून मी ते तीनदा केलं. हार घालायला एक मुलगी हवी होती. साहेब म्हणाले, “तुमचीच आणा. घराण्यातली आहे, शांत उभी राहील.”

मंत्री दीड तास उशिरा आले. भादव्याचं ऊन होतं. मोठ्या मुली पुढे, लहान मागे, अशा रांगा उभ्या होत्या आणि पाण्याचा माठ व्यासपीठामागे, पाहुण्यांसाठी राखलेला. शेवटी मोटार आली, बँड वाजला, मंत्र्यांनी मान पुढे केली. नलू हार घेऊन समोर गेली आणि थांबली.

“साहब, पीछे की छोटी लड़कियाँ बहुत देर से प्यासी खड़ी हैं। एक तो बैठ गई है। पहले उनको पानी पिला दें? फिर मैं हार पहनाती हूँ।”

बँड थांबला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. मंत्री गडबडले, मग हसले, “अरे भई, पानी लाओ,” म्हणाले. माठ पुढे आला. वीस मिनिटं पाणी वाटप चाललं, नलू त्यातही पुढे होती. मग तिनं हार घातला, आणि मंत्र्यांनी बालकं ही राष्ट्राची संपत्ती असल्याचं तीनदा सांगितलं.

जाताना साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “मुलीला जरा वळण लावा.” आणि वहिनी, मला लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी लाज. मी मान खाली घालून “हो साहेब” म्हणालो.

घरी आलो तर तुमच्याकडे उत्सव चालला होता. शाळेच्या रांगेत असलेल्या मंदाचं सगळं सांगून झालं होतं, नलूच्या हातावर साखर होती. मी दारातूनच म्हणालो, “ऑफिस ग्वाल्हेरला निघालं की नलू देवासला जाईल. आत्यांना पत्र टाकतोय.”

“का म्हणून?”

“वळण लागायला हवं.”

तुम्ही पोरांना बाहेर घालवलंत. मग माझ्याकडे वळलात. “कसलं वळण? मुजऱ्याचं? भाऊजी, इतकी वर्षं तुम्ही बड्या लोकांची टर उडवता, आम्ही हसतो. पण ते सगळं घरात, खुर्चीत बसून. पोरीनं चौकात उभं राहून खरं बोललं, तर तुमच्याच पोटात दुखलं?”

“तुम्हाला ऑफिस काय असतं ते कळत नाही.”

“नसेल कळत. कान कसा वाहतो ते कळतं. चला, माझी बाजू सांगा आधी. मग तुमची ऐकते.”

“मी तुमच्या घरातलं पोर नाही, वहिनी.”

मी वळलो. मागून तुमचा आवाज आला, “तेच तर! असता तर बरं झालं असतं!”

हे तुमचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. त्यानंतर अकरा दिवस आपण एकमेकांशी बोललो नाही. माझ्यापुरतं त्यात नवीन काही नव्हतं, तुम्हाला ते किती जड गेलं असेल याची कल्पना आहे. मग तुम्हाला ताप आला. मी दोनदा मोसंबी घेऊन आलो, दोन्ही वेळा दत्तोपंत म्हणाले, आत्ताच डोळा लागलाय. मला सुटल्यासारखं वाटलं. उद्या बोलू म्हणालो. नवव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

तर आता तुमची बाजू सांगतो. उशीर झालाय, पण नियम नियम आहे.

तुमचं म्हणणं असं होतं: मूल बोलायला, वाटून घ्यायला, भांडायला आणि भांडण मिटवायला आपसूक शिकत नाही. ते जिथे रोज करावं लागतं, तिथे शिकतं. नळावर पाळी सोडायला लागते, म्हणून पाळी कळते. चौघांत एक पेरू असतो, म्हणून दुसऱ्याचं तोंड दिसतं. ज्या घरात कुणी विचारत नाही, तिथलं पोर सांगणं बंद करतं, आणि मोठी माणसं त्याला संस्कार म्हणतात. नलूला देवासला पाठवणं म्हणजे तिचा उघडलेला गळा पुन्हा दाबणं. आणि हे मी करत होतो ते तिच्या भल्यासाठी नाही, माझ्या साहेबाच्या चेहऱ्यासाठी. बरोबर? तुम्ही समोर असता तर म्हणाला असता, “शेवटचं जरा जोरात सांगा.”

आता माझी बाजू. ती अजून आहे, वहिनी. तुम्ही गेलात म्हणून मी सगळंच कबूल करतो असं नाही. मागच्या रांगेतली मुलगी बसली, हे त्या दिवशी मैदानात शेकडो माणसं असून फक्त नलूला दिसलं. तुमच्या मंदाला दिसलं नाही, मी विचारलं तिला. मला वाटतं, कोपऱ्यात गप्प बसून काढलेल्या त्या वर्षांत नलू बघायला शिकली. न बोलणाऱ्याला काय होतंय, हे तिला आतून माहीत आहे. बघणं माझ्या घरातलं, बोलणं तुमच्या. तुम्ही यावर काय म्हणाला असता तेही मला ठाऊक आहे. “वा! पोरीचा कान घालवत होता, आता अर्धं श्रेय मागायला आलात?” मागतोय. थोडं तरी द्या.

सोमवारी आत्या आल्या. माझं पत्र त्यांना पोचलं होतंच, तुमचं कळल्यावर त्या स्वतःच निघाल्या. दारात टांगा उभा ठेवून म्हणाल्या, “चल गं नलिनी, सामान बांध. आता तर इथे तुला बघायलाही कुणी नाही.” मी मधे उभा होतो. तुमच्या तेराव्यापासून मी त्यांना सांगायचं वाक्य जुळवत होतो आणि ते आता बाहेर पडत नव्हतं. आत्यांसमोर माझं वय नेहमीच सहा असतं.

नलू पुढे आली. मुजरा केला, तो विसरली नव्हती. मग म्हणाली, “आत्याआजी, तुम्हाला वाटतं अप्पा ग्वाल्हेरला गेले की मी एकटी पडेन. आणि काकू नाहीत, तर इथे मी पोरांत राहून बिघडेन. तुम्ही एवढ्या लांबून आलात, कारण तुम्हाला माझी काळजी आहे. आणि तुमच्याकडे घर मोठं आहे, पण जेवायला तुम्ही एकट्याच बसता.” मग तिनं विचारलं, “बरोबर सांगितलं का?”

आत्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “मला काय वाटतं, हे आजवर मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मलाच धड माहीत नव्हतं.” सत्तर वर्षांची बाई. त्याही त्याच घराण्यात मुलगी म्हणून वाढल्या होत्या, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग नलूनं स्वतःची बाजू सांगितली. तिला इथेच राहायचं होतं. छकुली रोज तिच्याजवळ झोपते, शरद पुन्हा थापा मारायला लागलाय आणि त्या ऐकायला कुणीतरी हवं. आत्या माझ्याकडे वळल्या, “आणि तू?” मी म्हणालो, “नलू इथेच राहील, आत्या. मी ग्वाल्हेरला जात नाही.” वाक्य शेवटी निघालं. आत्यांनी टांगेवाल्याला पाठवून दिलं आणि दोन दिवस राहिल्या. त्यांनी तुमच्या चारही पोरांना मुजरा शिकवला. शरदला तो फार आवडला. तो आता गल्लीतल्या म्हशीलाही करतो.

काल मी ऑफिसात अर्ज दिला. सचिवालय ग्वाल्हेरला जातं तेव्हा इथे एक लहानसं दप्तर मागे राहतं, जुने कागद राखायला. तिथे बढती नाही, साहेब नाही, पंखा नाही. ती जागा मला द्यावी, असं मी लिहिलं. कारणाच्या रकान्यात लोक प्रकृती लिहितात, वडिलांचं आजारपण लिहितात. मी लिहिलं, ‘मुलीला शेजार आहे, तो सोडवत नाही.’

आज अर्ज परत आला. वर लाल शाईत साहेबांचा शेरा आहे: ‘कारण पुरेसे वाटत नाही. सविस्तर लिहावे.’

म्हणून दुपारी टेबलाशी बसलो आणि सविस्तर लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत ‘कमलवहिनी’ लिहून गेलो, तेव्हा कळलं की हा कागद सरकारला जायचा नाही. सरकारला मी वेगळा कागद घेऊन दोन ओळी लिहिल्या: कारण पूर्वीचेच आहे, अर्जदार त्यावर ठाम आहे. साहेबांनी वाचून विचारलं, “आणि मंजूर नाही झालं तर?”

“तर राजीनामा घेऊन येतो, साहेब,” मी म्हणालो. फार मोठ्यानं म्हणालो असेन. पलीकडच्या टेबलावरचे तिघे कारकून वर बघायला लागले.